चार पॉइंट दोन

बाईंना भीती वाटायला लागली की त्या घरी फोन करीत आणि एकच शब्द विचारत, "किती?"

पलीकडून मास्तर म्हणत, "चार पॉइंट दोन." एवढे ऐकले की बाईंच्या जिवात जीव येई. मग त्या चष्मा पुसून परत कामाला लागत. गेले कित्येक महिने हे दिवसातून दोनदा तरी चाले. प्रयोगशाळेतल्या मुलामुलींना वाटे, मॅडम घरातल्या दुधाचा हिशेब विचारतात.

मास्तर म्हणजे बाईंचे यजमान. बाई मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या प्राध्यापक आणि मास्तर त्याच कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये लेथवर लोखंड कातायला शिकवणारे. लग्न ठरले तेव्हा स्टाफरूममध्ये बऱ्याच भुवया वर गेल्या होत्या. मास्तरांना त्याचे काहीच नव्हते. ते म्हणायचे, "आम्ही दोघंही घर्षणावरच पोट भरतो. हिचं कुणाला दिसत नाही आणि माझं गावभर ऐकू येतं, एवढाच काय तो फरक." हा विनोद त्यांनी पस्तीस वर्षे जपून वापरला आणि बाई दर वेळी हसल्या.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांच्या हृदयाने हात टेकले. छातीत पंप बसवावा लागला. अंगठ्याएवढा पंप. त्यातले चक्र रात्रंदिवस फिरते आणि रक्त पुढे ढकलते. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या पट्ट्यावरच्या डबीला जोडलेली. डबीवर एक छोटा पडदा आणि पडद्यावर एक आकडा. पंप किती वीज खातो तो.

डॉक्टरांनी तेव्हाच दोघांना समोर बसवून सांगितले होते, "रोज सकाळी हा आकडा वहीत लिहायचा. साडेचारच्या आत आहे तोवर मजेत राहा. पाचच्या वर गेला तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी यायचं. लवकर आलात तर पंप बदलता येतो. उशीर केलात तर आत गुठळी धरते. मग माझ्या हातात काही राहत नाही."

आता यातली खरी गोष्ट. त्या वेळी डॉक्टरांनी दोन पंप दाखवले होते. एक जुन्या पद्धतीचा, एक नवा. दोन्ही चांगले आहेत म्हणाले. बाईंनी नव्यावर बोट ठेवले, कारण त्या पंपाच्या बेअरिंगवर जो लेप होता तो बाईंचा होता. केसाच्या दहा हजाराव्या भागाइतक्या जाडीचा काळसर लेप, ज्यावर घर्षण जवळजवळ होतच नाही, असे बाईंनी अठरा वर्षांपूर्वी मोजून दाखवले होते. त्यांची सगळी कारकीर्द त्या एका मापावर उभी होती. आणि आता नवराही.

तर त्या दिवशी सकाळी मुंगी बाईंच्या खोलीत आली आणि दार लावून घेऊन उभी राहिली. मुंगी ही बाईंची शेवटची पीएचडीची विद्यार्थिनी, त्यांचे शेंडेफळ. अंगाने एवढीशी आणि सदा कामात, म्हणून मुंगी. बाईंच्या निवृत्तीला तीन महिने राहिले होते आणि मुंगीचा प्रबंध तेवढा बाकी होता.

"बस ना," बाई म्हणाल्या.

"नको मॅडम. लेपाचं घर्षण कमी येत नाहीये."

"म्हणजे?"

"तुमच्या आकड्याच्या चाळीस पट येतंय."

बाई हसल्या. दर दोन वर्षांनी कुणीतरी पोर असे घाबरे तोंड घेऊन येई आणि काही ना काही साधी चूक निघे. "हवेतला ओलावा पाहिलास? पट्टी नीट बसली होती? माप लावताना आधी काचेवर तपासलंस?"

"सगळं केलं. अकरा वेळा."

"मग तू काहीतरी चुकते आहेस."

"मलाही तेच वाटलं," मुंगी म्हणाली. "म्हणून तीन आठवडे तुम्हाला सांगितलं नाही."

मुंगी काही रडूबाई नव्हती. तीन आठवडे गप्प बसली याचा अर्थ तिने प्रत्येक बिळात हात घालून पाहिला होता.

त्यांचे काम सांगायला सोपे आहे. एक अतिशय बारीक पट्टी असते आणि तिच्या खाली एक टोक, इतके अणकुचीदार की शेवटाला मोजके अणू उरतात. ते टोक लेपावरून ओढायचे. आंधळा माणूस काठीने रस्ता चाचपतो, तसे. खाली अडले की पट्टी मुरगळते, पट्टीवर पाडलेला लेझरचा ठिपका हलतो आणि किती हलला त्यावरून घर्षण कळते. सांगायला सोपे, करायला महाकठीण. धुळीचा एक कण आला की दिवस फुकट. म्हणून बाईंनी पहिल्या वर्षीच प्रयोगशाळेच्या दारावर पाटी लावली होती, 'उघडे काही ठेवू नये.' सगळी टोके, सगळे नमुने चिकट डबीत. या डबीच्या तळाला मऊ, पारदर्शक, चिकट थर असतो. त्यावर वस्तू ठेवली की हलत नाही, पडत नाही, धूळ बसत नाही. बाईंच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी डबीशिवाय पाऊल टाकत नसे. बाहेरचे लोक त्यांना डबीवाले म्हणून चिडवत.

"यंदा टोकं दुसरीकडून मागवली आपण," मुंगी म्हणाली. "ती चिकट डबीत नाही येत. कोरड्या खाचेत बसवलेली येतात. मी तशीच वापरली."

"का? आपल्या डबीत का नाही काढून ठेवलीस?"

"आळस केला, मॅडम." मुंगीने खाली पाहिले. "त्या टोकांनी घर्षण जास्त येतं. मग मी त्यातलंच एक टोक घेतलं, दोन दिवस आपल्या चिकट डबीत ठेवलं आणि परत मोजलं."

"आणि?"

"तुमचा आकडा आला. अगदी तुमचा."

बाई खुर्चीत होत्या तशाच बसून राहिल्या.

चिकट थराला तेल सुटते. अगदी किंचित, डोळ्याला कधीच दिसणार नाही इतके. ते वस्तूवर चढते, टोकापर्यंत जाते. धुळीच्या कणाला घाबरून ज्या डबीत अठरा वर्षे सगळे जपले, तिनेच गुपचूप सगळ्याला तेल लावले होते. बाईंनी लेप मोजलाच नव्हता. त्यांनी डबीचे तेल मोजले होते.

"मला स्वतःला करू दे," बाई म्हणाल्या.

दोघी प्रयोगशाळेत गेल्या आणि मुंगी बाजूला झाली. बाईंनी पांढरा कोट घातला, बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या खोळी चढवल्या, नवे टोक स्वतःच्या हातांनी बसवले. पट्टी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली. लेझरचा लाल ठिपका जागेवर आणला. टोक खाली उतरले, लेपाला लागले आणि पडद्यावर रेघ उमटू लागली.

करवतीच्या दातांसारखी रेघ होती. टोक एका अणूला अडे, जोर साठे, मग टुणकन पुढच्यावर जाई. अडणे, निसटणे, अडणे, निसटणे. कुणालाही कळावे असे स्पष्ट घर्षण. भरपूर घर्षण.

प्रयोगशाळेच्या भिंतीवर बाईंचा तो प्रसिद्ध आलेख चौकटीत लावलेला होता. विद्यार्थ्यांनी पन्नाशीला भेट दिलेला. त्यावरची रेघ सरळ होती, टेबलाच्या कडेसारखी. ती सरळ रेघ बघायला परदेशातून माणसे येऊन गेली होती.

मुंगी हळूच म्हणाली, "मॅडम, दरवर्षी पहिल्या तासाला तुम्ही एक वाक्य सांगता."

बाईंना ते वाक्य माहीत होते. खऱ्या मापाला थरथर असते. आकडा फार गुळगुळीत आला तर आनंद मानू नका, आधी घाबरा. अठरा वर्षे त्या हे वाक्य पोरांना सांगत होत्या, त्याच चौकटीखाली उभ्या राहून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. बाईंनी इतरांना भरपूर घाबरवले, स्वतः मात्र घाबरायच्या राहिल्या. ते सगळे घाबरणे आता एकदम वसुलीला आले.

"पण पंपाच्या कंपनीने त्यांच्या वेगळ्या चाचण्या केल्या असतील ना?" मुंगीने विचारले. मास्तरांच्या छातीत कोणता पंप आहे ते तिला माहीत होते. सगळ्यांनाच माहीत होते, म्हणून ती बाईंच्या तोंडाकडे बघत नव्हती.

"केल्या होत्या. वर्षभर पंप चालवून बघितला होता." बाईंनी फोन काढला. "थांब, मी थोरल्याला विचारते."

थोरला म्हणजे बाईंचा पहिला विद्यार्थी. आता त्या कंपनीत पंपाचा सगळा विभाग त्याच्या हाताखाली होता. तरी बाईंचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलायचा.

"मॅडम, बोला. मास्तर कसे आहेत?"

"बरे आहेत. एक विचारायचं होतं. चाचणीचे पंप तू जुळवलेस ना, तेव्हा बेअरिंगचे सुटे भाग कशात ठेवायचास?"

तो हसला. "कशात म्हणजे काय, मॅडम? चिकट डबीत. उघडे काही ठेवू नये. तुमचीच शिकवण."

"आणि आता कारखान्यात?"

"आता इतके भाग डबीत कोण ठेवत बसणार? धुऊन, वाळवून थेट बसवतो. दोन-सव्वादोनशे पंप बसले आतापर्यंत, आणि आता रोज एखादा तरी जातो. का मॅडम, काही झालं का?"

आता सांगायला हवे होते. त्याच क्षणी. बाईंनी तोंड उघडलेही. पण त्यांच्या डोळ्यांपुढे सव्वादोनशे छात्या आल्या, त्यांतली एक ओळखीची.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "मग बोलते."

फोन ठेवल्यावर त्यांना स्वतःची लाज वाटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे कुठेतरी मनात येऊन गेले आणि त्याचीही लाज वाटली. मुंगीने पाण्याचा पेला पुढे सरकवला.

चाचणीचे पंप तेलकट होते. वर्षभर मजेत चालले. माणसांच्या छातीत बसले ते कोरडे, नुसत्या लेपाच्या भरवशावर. त्यांची बेअरिंगे झिजत असतील. आज ना उद्या जड फिरायला लागतील, वीज जास्त खातील आणि डबीवरचा आकडा वर चढेल. हे सगळे बाईंच्या डोक्यात एका दमात झाले, आणि मग त्यांनी नेहमीचे केले. घरी फोन लावला.

"किती?"

"चार पॉइंट दोन," मास्तर म्हणाले. "आज लवकर आठवण आली."

"खरंच?"

"अगं, समोर लिहिलंय वहीत. जेवायला येते आहेस का?"

"बघते."

बाईंनी फोन छातीशी धरला. चार पॉइंट दोन. म्हणजे मास्तरांचा पंप ठीक आहे. दैव बलवत्तर म्हणायचे. कदाचित लेप तितकाही वाईट नसेल. कदाचित झिजायला दहा वर्षे लागतील. तेवढ्यात काहीतरी करता येईल, शांतपणे, नीट, निवृत्तीनंतर. भ्यायलेला माणूस स्वतःला काय काय सांगतो त्याला सुमार नाही. बाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि मान वर केली.

समोर भिंतीवर ती चौकट होती. ती सरळ रेघ.

काल किती होता? चार पॉइंट दोन. परवा? चार पॉइंट दोन. मागच्या महिन्यात मास्तरांना तीन दिवस ताप होता, तेव्हा? चार पॉइंट दोन. लिफ्ट बंद होती आणि ते तीन जिने चढून धापा टाकत आले, तेव्हाही बाईंनी विचारले होते. चार पॉइंट दोन. माणूस झोपतो, उठतो, पाणी कमी पितो, जिना चढतो, चिडतो. जिवंत माणसाच्या छातीतला पंप महिनोन्महिने एकच आकडा कसा दाखवेल?

खऱ्या मापाला थरथर असते.

"मुंगे, हे बंद कर," एवढेच बाई म्हणाल्या आणि निघाल्या.

कॉलेजच्या मागच्या फाटकातून घर दहा मिनिटांवर. बाई ते अंतर पांढऱ्या कोटात, पायांतल्या निळ्या खोळींसकट, जवळजवळ धावत गेल्या. फाटकावरचा वॉचमन उठून उभा राहिला. झेरॉक्सच्या दुकानासमोरच्या पोरांनी वाट सोडली. खोळी फुटपाथवर घसरत होत्या, एकदा त्या पडता पडता दिव्याच्या खांबाला धरून वाचल्या. काढून टाकायचे सुचले नाही. डोक्यात फक्त वही होती. स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली, निळ्या पुठ्ठ्याची. ती त्यांनी रोज पाहिली होती आणि कधी उघडली नव्हती. कशाला उघडायची? मास्तर सांगत होतेच की.

मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसून सुऱ्यांना धार लावत होते. पुढे दगड, बाजूला पाण्याची वाटी. बाईंना बघून त्यांचा हात थांबला.

"हा काय अवतार? आग लागली का कॉलेजला?"

बाईंनी खिळ्यावरून वही काढली. पाने उलटली. सुरुवातीच्या पानांवर आकडे नाचत होते. चार पॉइंट एक, चार पॉइंट तीन, चार, चार पॉइंट चार. मग हिवाळा संपता संपता एका दिवसापासून चार पॉइंट दोन. त्याच्या खाली चार पॉइंट दोन. पुढचे पान, त्याच्या पुढचे पान. मास्तरांचे वर्कशॉपमधले ठळक, सरळ अक्षर. एकही खाडाखोड नाही.

"डबी दाखवा," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी शर्ट खाली ओढला. लहान मूल खिशातली वस्तू लपवते, अगदी तसे. "आधी बस तरी. पाणी पी."

"अहो, डबी दाखवा."

त्यांनी शर्ट वर केला. पडद्यावर पाच पॉइंट सहा होता. बघता बघता पाच पॉइंट सात झाला, परत पाच पॉइंट सहा.

बाई खुर्चीवर बसल्या. "कधीपासून?"

"पाचच्या वर जाऊन तीन आठवडे झाले. त्याआधी हळूहळू चढत होता. चारेक महिने."

"आणि तुम्ही मला रोज..."

"तू घाबरशील म्हणून." मास्तरांनी सुरी कापडाने पुसून बाजूला ठेवली. "तुझा आवाज फोनवर कसा येतो ते तुला माहीत नाही. 'किती?' म्हणतेस तेव्हा असा येतो की खरं सांगवत नाही."

"डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? उशीर झाला तर काय होतं, ऐकलं होतंत ना?"

"मला आकडा नसता तरी कळलं असतं." त्यांनी तळवा छातीवर ठेवला. "तीस वर्षं लेथवर हात ठेवून पोरांना शिकवलं मी. बेअरिंग बोलायला लागलं की मशीन बंद करायचं."

"मग का नाही केलंत काही?"

"हे मशीन बंद करता येत नाही ना," मास्तर म्हणाले, आणि थोडे हसले. बाई हसल्या नाहीत. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच.

मास्तरांचेही हसू उतरले. ते टेबलाकडे बघत बोलू लागले. "अगं, पंप बाहेर काढला की ते उघडणार. बेअरिंग झिजलेलं दिसणार. मग विचारणार, लेप कुणाचा. तुझे तीन महिने राहिलेत. म्हटलं, तेवढे ढकलू. मानाने घरी येशील. मग काय व्हायचं ते होऊ दे. तुझ्या नावाला..."

"नाव काय चाटायचंय?" बाईंचा आवाज फाटला. "तुम्ही गेलात तर ते नाव घेऊन मी बसू कुठे?"

मास्तरांच्या डोळ्यांत बाईंना तेव्हा दिसले की हा माणूस भ्यायलेला आहे. चार महिने भ्यायलेला आहे, एकटाच, या टेबलाशी बसून, सुऱ्यांना धार लावत. घरातल्या सगळ्या सुऱ्या इतक्या धारदार का झाल्यात, हेही बाईंनी कधी विचारले नव्हते.

"आणि तुमचा एकट्याचाच नाही तो," बाई म्हणाल्या. "सव्वादोनशे आहेत. लेप खोटा आहे. मी तेल मोजलं. आज सकाळी कळलं."

मास्तरांनी हे ऐकून घेतले. घर्षण त्यांना समजावून सांगावे लागत नसे. "थोरल्याला सांगितलंस?"

"नाही. फोन केला आणि काही नाही म्हणाले."

"मग आता कर," मास्तर म्हणाले. "मी चप्पल घालतो तोवर."

बाईंनी आधी हॉस्पिटलला फोन केला. पलीकडच्या नर्सने आकडा विचारला, किती दिवसांपासून विचारले, आणि तीन आठवडे ऐकल्यावर क्षणभर थांबून म्हणाली, लगेच निघा, टॅक्सीने या, गाडी पाठवून आणायला वेळ जाईल, मी डॉक्टरांना खाली बोलावते.

मग थोरल्याला लावला. मास्तर दाराशी वाकून चप्पल घालत होते. एका हाताने भिंत धरलेली. त्यांना दम लागतो आहे हे आता स्पष्ट दिसत होते. कालही लागत असेलच.

"ऐक. आज एकही पंप बसवू देऊ नकोस. बसवलेल्या प्रत्येकाला आजच फोन जाऊ दे. आकडा चढत असेल तर लगेच बोलवा. लेप घर्षण कमी करत नाही. ते डबीचं तेल होतं. माझ्या मापात होतं आणि तुझ्या चाचणीतही होतं."

थोरला म्हणाला, "मॅडम, एकदा परत तपासूया का? इतकं एकदम थांबवायचं म्हणजे..."

"मी तपासलं. चूक माझी आहे. लिहून देते, पाहिजे तिथे सही करते. तू फक्त थांबव."

"मॅडम," त्याचा आवाज अगदी विद्यार्थ्याचा झाला. "मास्तरांचा किती आहे?"

"पाच पॉइंट सात. निघालोय आम्ही."

"थांबवतो," थोरला म्हणाला. "आत्ता थांबवतो."

टॅक्सी मिळाली. बाईंनी मास्तरांना आत बसवले, पंपाच्या बॅटऱ्यांची पिशवी मांडीवर घेतली. वहीही घेतली होती. का घेतली ते त्यांना सांगता आले नसते. ड्रायव्हरने आरशातून मास्तरांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि न सांगता वेग वाढवला. एक सिग्नल लागला. समोरून शाळेची मुले रस्ता ओलांडत होती, एकमेकांच्या दप्तरांना धरून, सावकाश. बाईंना वाटले, हा रस्ता कधी संपायचाच नाही.

"तू बघ आता," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कमरेच्या पट्ट्यावरची डबी वायरीसकट सोडवून बाईंच्या हातात दिली. "मी चार महिने बघितली. कंटाळा आला."

बाईंनी एका हातात डबी धरली. दुसऱ्या हाताचा तळवा त्यांच्या छातीवर ठेवला. इतकी वर्षे बाईंनी असे घर्षण मोजले होते जे कुठल्याही माणसाच्या हाताला कधी लागणार नाही. हे लागत होते. शर्टाच्या आतून, बरगड्यांच्या आतून, बारीक सलग खरखर. ती कळायला कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. रोज रात्री त्या या माणसाशेजारी झोपत होत्या आणि त्यांनी एकदाही हात ठेवून पाहिले नव्हते.

"किती?" मास्तरांनी विचारले. डोळे मिटलेले होते.

हा शब्द आजवर बाई विचारत आल्या होत्या. उत्तर देणाऱ्याला काय वाटते ते त्यांना आता कळले. चार पॉइंट दोन म्हणणे किती सोपे होते. आकडा जिभेवर आलाच होता.

"पाच पॉइंट नऊ," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली. त्यांचा हात आला आणि बाईंच्या तळव्यावर बसला, तिथेच, छातीवर. हात गार होता.

सिग्नल सुटला. वळणावर हॉस्पिटलची पाटी दिसली, अजून दोन किलोमीटर लिहिलेली. बाईंनी डबी पिशवीवर टेकवून वही उघडली, पेन शोधले आणि शेवटच्या चार पॉइंट दोनच्या खाली डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, खरा आकडा लिहिला. डॉक्टरांना दाखवायला लागणार होता.

"आता किती?"

"सहा."

"खरं ना?"

"खरं," बाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने मास्तरांनी परत विचारले, आणि बाईंनी परत खरे सांगितले.